पोपट, चोवीस वेळा

ज्या चित्रामुळे माझं नाव थोडंफार लोकांना माहीत झालं, ते मी बावीस वर्षांची असताना एका दिवाळीच्या सुटीत केलं. त्यानंतर साठ वर्षं मी काम करत राहिले. मासिकांची कात्रणं चिकटवली, संगणक आला तेव्हा पडद्यावर चिकटवली, पुढे भिंतींवर उजेड टाकून हलती चित्रंही केली. पण कुठेही गेलं की लोक विचारतात ते पोपटाबद्दलच.

आमचं घर इचलकरंजीत, चौथ्या गल्लीत होतं. समोरासमोर मिळून सत्तावीस घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरात माग. सकाळी वीज आली की गल्ली एकदम खडखडायला लागायची आणि वीज गेली की कानाला दडे बसल्यासारखं व्हायचं. १९७७ साली एका सूतवाल्याने गल्लीतल्या घराघरात एक कॅलेंडर वाटलं. निळ्या झालरीचं टोपडं घातलेलं गुबगुबीत बाळ, पाय पुढे पसरून बसलेलं, तळवे आपल्याकडे, आणि त्याच्या मनगटावर हिरवागार पोपट. खाली तारखांचा गठ्ठा. वर्ष संपलं, तारखा फाटून गेल्या, बाळ मात्र भिंतीवरून कोणी उतरवलं नाही. बाळाचं चित्र कोण फेकणार?

१९८३ साली मी कोल्हापूरच्या कलाशाळेत शेवटच्या वर्षाला होते. तिथल्या वाचनालयात परदेशी मासिकं यायची, त्यांतून मला पॉप आर्ट कळलं. रोजच्या वापरातलं छापील चित्र घ्यायचं, तेच तेच पुन्हा पुन्हा मांडायचं आणि बघणाऱ्याला विचारायचं, यात आता वेगळं काय उरलं, सांग. मला वाटलं, हे तर आमच्या गल्लीत सहा वर्षं टांगलेलंच आहे! सुटीत घरोघर फिरून मी ती कॅलेंडरं मागून आणली. सत्तावीसांपैकी चोवीस मिळाली. कडा कापल्या, मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून प्लायवूडवर चार ओळींत चिकटवली. अकरा बाळांवर एकेक कात्रण लावलं. कोणाला गॉगल, कोणाला सिनेमातल्या खलनायकाची मिशी, कोणाच्या कपाळावर पोस्टाचं तिकीट, एकाच्या पायात मासिकातून कापलेला काळा बूट. नाव दिलं ‘पोपट, चोवीस वेळा’.

कुठलं कॅलेंडर कोणाच्या घरचं, हे मी मुद्दाम लिहून ठेवलं नाही. सगळी सारखीच आहेत, हीच तर माझी कल्पना होती.

ईश्वरी नलवडे पहिल्यांदा माझ्याकडे आली ती २०४३च्या श्रावणात. तिशी-पस्तिशीची, केस मुलासारखे कापलेले, खांद्याला शिवणयंत्राएवढी जड पेटी. राजारामपुरीतल्या माझ्या स्टुडिओचे दोन जिने ती ते ओझं घेऊन चढली आणि धापा टाकत म्हणाली, “आजी, तुम्हाला लिफ्ट का नाही?”

“मला चढता येत नाही, म्हणून मी उतरतच नाही,” मी म्हटलं. “यात काय आहे?”

“वाचनयंत्र. कागदावर पडलेला उजेड वाचतं.”

मला वाटलं, पोरगी काव्य करतेय. तिने स्टूल ओढलं आणि मला समजावलं. ते मी जसं समजले तसं सांगते.

जुन्या स्वस्त छपाईतला गुलाबी रंग उजेडाने उडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. खिडकीजवळचं चित्र आधी विटतं. पण छापील चित्र म्हणजे लाखो बारीक ठिपके. कागद आपल्याला सपाट वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो गवताच्या गंजीसारखा असतो, आणि प्रत्येक ठिपका त्या काड्यांच्या आडोशाला पडलेला असतो. उन्हात आपण भुवयांवर हात धरतो तसा एखाद्या ठिपक्यावर एका बाजूने काडीचा आडोसा. म्हणजे त्या ठिपक्यापर्यंत फक्त दुसऱ्या बाजूचाच उजेड पोहोचतो. शेजारच्या ठिपक्याचा आडोसा वेगळ्या बाजूला. एक ठिपका फक्त दाराकडे बघतो, दुसरा फक्त फळीकडे. कोणता किती उडालाय हे मोजलं आणि लाखो ठिपक्यांची बेरीज केली, की कागदासमोर वर्षानुवर्षं काय होतं ते दिसू लागतं.

“म्हणजे कॅलेंडर हा कॅमेरा झाला?” मी विचारलं.

“झाला. पण फार मंद. त्याचं एक बटण दाबायला सहा वर्षं लागतात.”

तिने पडद्यावर एक चित्र लावलं. मिरजेकडच्या एका केशकर्तनालयातलं धबधब्याचं कॅलेंडर तिने वाचलं होतं. करड्या धुक्यातून वर आल्यासारखं एक दुकान. दाराचा झगझगीत चौकोन, फळीवरच्या बाटल्या, आरशाची कड. आणि खुर्चीत बसलेला माणूस. त्याला डोकं होतं, खांदे होते, चेहऱ्याच्या जागी नुसता मऊ उजेड होता.

“हा कोण?”

“कोणीच नाही. नऊ वर्षांत त्या खुर्चीत जे जे बसले, ते सगळे मिळून हा.” तिने बोट खुर्चीमागच्या मोकळ्या जागेवर नेलं. “आणि न्हावी इथे कुठेतरी आहे. पण तो सारखा हलत होता, म्हणून दिसत नाही. जे हलतं ते पुसलं जातं, आजी. जे बसून राहतं तेवढंच उरतं.”

मी बराच वेळ त्या कोणीच नसलेल्या माणसाकडे बघत राहिले. आयुष्यभर मी एका माणसावर दुसरा माणूस चिकटवत आले. हजारो माणसं एकमेकांवर ठेवायची आणि एकाचीही कड दिसू द्यायची नाही, हे मला कधी जमलं नव्हतं. ते एका धबधब्याच्या कॅलेंडरने भिंतीवर टांगल्या टांगल्या केलं होतं.

“आणि तुमच्याकडे,” ईश्वरी पूर्वेच्या भिंतीकडे वळली, “एकाच छपाईची, एकाच शाईची चोवीस आहेत. एकाच गल्लीतली. एकमेकांशी ताडून बघता येतील अशी, आणि चित्र झाल्यानंतर साठ वर्षं पडलेला उजेड त्यातून वजा करता येईल अशी. हे जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती गल्ली तर आता उरलेलीही नाही.”

ते खरं होतं. चौथ्या गल्लीवरून आता चौपदरी रस्ता जातो.

“वाच की मग,” मी म्हटलं.

 मग तिने पिशवीतून काच बसवलेली एक चौकट काढून माझ्या हातात दिली. आत कोरा पांढरट कागद होता.

“हा तो धबधबा. ठिपक्यात किती रंग शिल्लक आहे ते मोजायला लेसर मारावा लागतो, आणि मोजताना तो रंग तुटतो. एकदाच वाचता येतं. वाचलं की चित्र जातं.”

मी चौकट तिला परत दिली. “नाही,” म्हटलं.

तिने समजूत घालून पाहिली. आधी हुबेहूब स्कॅन घेऊ, तसंच छापून त्याच जागी लावू, कोणाला कळणारही नाही.

“मला कळेल.”

“पण आजी, तुमच्याच एका मुलाखतीत आहे, प्रत आणि मूळ असा भेद मी मानत नाही म्हणून.”

“तेव्हा मी तीस वर्षांची होते. तेव्हा मी काहीही मानत नव्हते.”

खरी गोष्ट अशी की हिवाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या कलादालनात माझ्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. साठ वर्षांत पहिल्यांदा. मधल्या दालनात एकच चित्र राहणार होतं, पोपटाचं. हे सगळं मी ईश्वरीला सांगितलं. ती समजूतदार मुलगी, पेटी उचलून उठली. दारात मात्र म्हणाली, “मी गल्लीतल्या जुन्या लोकांचा शोध घेत होते. एक बाई सापडल्या. तुम्हाला ओळखतात म्हणाल्या. शेवंताबाई होगाडे.”



शेवंता आमच्या समोरच्या घरातली, माझ्याच वयाची. शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणजे मी बसायचे आणि ती बाकाखालून पलीकडच्या ओळीत निघून जायची. तिचे वडील लवकर गेले. आई, तानूमावशी, दिवसभर रहाटावर कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी लागते, ती भरून द्यायचं काम. पहाटे बसली की दिवेलागणीपर्यंत तीच जागा.

१९८३च्या दिवाळीत मी त्यांचंही कॅलेंडर मागून नेलं. तानूमावशीने काच पुसावी तसा त्यावरून एकदा पदर फिरवला आणि कॅलेंडर माझ्या हातात दिलं. पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. आमच्या कलाशाळेच्या प्रदर्शनात शेवंता आली ती कोरड्या डोळ्यांनी, केस न विंचरता. “आईचं बाळ परत दे,” म्हणाली.

मी बक्षीस मिळालेली मुलगी होते. सोबत चार मित्र उभे होते. मी म्हटलं, “तुमचं कुठलं ते मला माहीत नाही, शेवंते. आणि काय फरक पडतो? सगळी सारखीच आहेत. तुला दुसरं आणून देते.”

ती चित्रासमोर थोडा वेळ उभी राहिली, एकेक बाळ बघत. मग गेली. नंतर लग्नामुंजीत, मयतीला आम्ही एकमेकींना दिसलो. बोललो नाही.

शेवंता आली ती ईश्वरी येऊन गेल्यावर चार दिवसांनी, सकाळी दहा वाजता. ईश्वरी तिला हाताला धरून जिना चढवत होती आणि खालच्या मजल्यापासून आवाज येत होता.

“मुकी रिक्षा ती! सांगलीपास्नं बसलो, डायवरच न्हाई, वाटंत बोलायला मानूस न्हाई. ‘दादा, जरा हळू’ म्हनलं तर नुसता दिवा लागतोय. आनि हिचं घर बघ कुठं. इंदे, आभाळात ऱ्हातीस व्हय?”

साठ वर्षांनी कोणीतरी मला इंदे म्हटलं. कोल्हापूर, मुंबई, दिल्ली, सगळीकडे मी इंदुमती म्हेत्रे. मी दार उघडून नुसती उभी राहिले.

“बघत काय बसलीस, पानी दे.”

पाणी पिऊन झाल्यावर ती चित्रासमोर गेली. काठी टेकून उभी राहिली, पहिल्यासारखीच, एकेक बाळ बघत.

“ही पोरगी म्हनती, ह्यात आई दिसंल.”

“त्यातल्या एकात,” ईश्वरी म्हणाली.

“माझ्याकडं आईचा फोटू न्हाई, इंदे. एक सुदिक न्हाई. काढायचा काढायचा म्हनत ऱ्हायलं. आता मला तोंडच आठवंना झालंय बघ. पाट आठवतीया, हात आठवत्यात, रहाटाचा आवाज आठवतोय. तोंड आठवायला गेलं की माझंच तोंड येतंय म्होरं, आरशातलं.”

मी खाली बघितलं. “शेवंते, तुमचं कुठलं ते खरंच माहीत नाही. ते शोधायचं तर सगळी वाचावी लागतील. सगळं चित्र जाईल.”

“मग जाऊ दे की.”

“माझं आयुष्य आहे ते.”

“आयुष्य कसलं? कागूद हाय.” ती वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. “तूच म्हनलीस तवा. समदी सारखीच. दुसरं आनून देतो म्हनलीस. आता ही पोरगी तुला दुसरं छापून देतो म्हनती, तर न्हाई म्हनतीस. सारखंच हाय न्हवं? मग घे की दुसरं.”

ईश्वरी पेटीचा पट्टा नीट करण्यात गुंतली होती, म्हणजे तसं दाखवत होती.

 बावीस वर्षांच्या इंदूला याला उत्तर लगेच सुचलं असतं.

“एक करून बघू का?” शेवटी ईश्वरी म्हणाली. “वाचायचं नाही. नुसता अवरक्त किरणांचा कॅमेरा फिरवते. त्याने रंगाला काही होत नाही. तो वरच्या कागदातून आतलं बघतो. मागे कोणी पेन्सिलीने नाव लिहिलं असलं तर दिसेल. पेन्सिल, काजळी, असलं काळं त्याला लगेच दिसतं.”

“मी काही लिहिलेलं नाही.”

“तुम्ही नाही. ज्यांनी दिलं त्यांनी?”

एवढ्याला नाही म्हणता येईना. तिने कॅमेरा लावला. पडद्यावर आमची चोवीस बाळं आली तेव्हा मी ओळखलीच नाहीत. गुलाबी गाल, निळी टोपडी, हिरवे पोपट, सगळं धुऊन गेल्यासारखं फिकट. मी चिकटवलेली कात्रणं काचेसारखी पारदर्शक झाली होती. मागे नाव कुठेच नव्हतं. पण काहीतरी होतं. गॉगलच्या काचेखाली एक काळा ठिपका. मिशीखाली एक. पोस्टाच्या तिकिटाखाली एक.

“हे काय आहे?” ईश्वरी म्हणाली. “अकरा आहेत. बरोबर कात्रणांच्या खाली. आजी, खुणा केल्या होत्या का तुम्ही?”

शेवंता पडद्याजवळ गेली. नाक टेकेल इतक्या जवळ. मग हसायलाच लागली.

“तीट गं! तीट हाय ती!”

ईश्वरीला तीट म्हणजे काय ते माहीत होतं, पण छापील बाळाला?

“बाळ गोरंपान, दिसभर भिंतीवर, येनारी-जानारी बघनार. दिष्ट नको लागाया?” शेवंता सांगत होती. “आई लावायची. शेजारच्या वल्लवाबाई लावायच्या. मला वाटायचं आमच्याच घरात हाय ही खुळी. समद्या गल्लीनंच लावलीवती की!”

 आणि मला आठवलं. साठ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता खळीच्या वासासकट आठवलं. कागद साफ करायची आमची रीत म्हणजे पावाचा मऊ भाग मळून त्याच्या गोळीने हलकं घासायचं. धूळ निघाली, धूर निघाला, काही कागदांवरचे काळे डाग काही केल्या निघेनात. बाकीच्या तेरांसारखे ते स्वच्छ दिसेनात, आणि मला तर सगळे एकसारखे हवे होते. मग मी डागांवर कात्रणं चिकटवली. डाग डोळ्यापाशी म्हणून गॉगल. ओठाच्या वर म्हणून मिशी. कपाळाला म्हणून तिकीट.

लोकांनी किती विचारलं होतं, हीच अकरा का? नेमकी इथेच का? त्या विखुरलेल्या अकरा जागांच्या तोलाबद्दल विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. एका समीक्षकाने नुसत्या बुटावर दीड पान लिहिलं होतं, भांडवलशाहीचं पाऊल म्हणून. मी प्रत्येक मुलाखतीत गूढ हसून सांगायचे, सहज सुचलं.

मला काहीच सुचलं नव्हतं. कुठे काय ठेवायचं हे अकरा बायकांनी आधीच ठरवून दिलं होतं, करंगळीच्या टोकाने. मी फक्त त्यांचं बोट जिथे पडलं होतं तिथे कात्री घेऊन गेले. आणि खाली नाव घातलं माझं.

“शेवंते,” मी विचारलं, “तानूमावशी कुठे लावायची?”

“तळपायाला. गालावर लावली तर बाळाचं रूप जातंय म्हनायची.”

पडद्यावर तळपायाला एकच ठिपका होता. काळ्या बुटाच्या आत.

तिसरी ओळ, चौथं बाळ. मी भिंतीपाशी गेले आणि बोट ठेवलं.  “हे काढ,” मी म्हटलं.

“फक्त वाफ देऊन बूट काढू का आधी? मग तुम्ही ठरवा.”

“ठरलं. बूट काढ आणि वाच.”

 शेवंताने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त स्वतःची काठी तिने मला टेकायला दिली.

वाफेने बूट अलगद सुटून आला. खाली तो डाग. पावाच्या गोळीने घासून घासून मी त्याच्या कडा पुसट केल्या होत्या, तरी मध्यभागी, भिंग धरल्यावर, बोटाच्या दोन-तीन रेषा होत्या. शेवंताने आपली करंगळी त्याच्यावर हवेतच धरली. टेकवली नाही.

अकरा वाजता यंत्र सुरू झालं, ते चालणार होतं संध्याकाळी पाचपर्यंत. बाळाच्या टोपड्यापासून एक पांढरी पट्टी निघाली आणि मुंगीच्या पावलाने खाली सरकू लागली. निळी झालर गेली. कपाळ गेलं. मला वाटलं होतं बघवणार नाही, पण मी बघत राहिले. दुपारी मी पिठलं-भाकरी केली. शेवंता म्हणाली, “पिठल्यात मीठ कमी हाय. तुझ्या आईचं बी असंच असायचं.” आम्ही साठ वर्षांतली माणसं एकेक करून आठवली, कोण आहे, कोण गेलं. जेवताना पोपट गेला.

चार वाजेपर्यंत पडद्यावर नुसता करडा चिखल होता. ईश्वरी म्हणाली, शेवटच्या ठिपक्यापर्यंत असंच राहतं, मग सगळे एकदम जागा घेतात. पाचला दहा मिनिटं असताना यंत्राचा आवाज थांबला. भिंतीवर तिसऱ्या ओळीत चौथा चौकोन कोरा होता. रंग उडाला होता, काजळी मात्र उडत नाही. त्या कोऱ्या कागदावर, जिथे तळवा होता तिथे, एक काळी तीट होती आणि दुसरं काही नव्हतं.

“आता बघा,” ईश्वरी म्हणाली.

चिखल हलला. आधी डावीकडे दाराचा उभा उजेड उमटला. मग त्या उजेडाने एकेक वस्तू हातात धरून दाखवावी तशा वस्तू आल्या. फळी. फळीवरच्या तांब्यांचे गोल. मागाची चौकट, काळी, कोपऱ्यात. पाटावर सुताचा ढीग. चौथ्या गल्लीतलं घर, ज्याच्यावरून आता ट्रक जातात, ते माझ्या स्टुडिओत उभं राहत होतं. १९७७ ते १९८३च्या सगळ्या सकाळी, सगळ्या दुपारी, एकावर एक रचलेल्या.

आणि मधोमध ती बसली होती.

रहाट दिसत नव्हता, त्याच्या जागी चाकाएवढं धुकं होतं. हात मनगटापासून पुढे नव्हतेच. दिवसभर फिरणारे हात, ते त्या धुक्यात विरघळून गेले होते. पण खांदे होते. मांडी घातलेली, त्यावर लुगड्याचा घोळ. मान, कपाळ, डोक्यावरचा पदर. आणि चेहरा.

ईश्वरी खुर्चीतून उठली. “असं होत नाही,” ती हळू म्हणाली. “चेहरा येत नाही कोणाचा. लोक काम करताना खाली बघतात, इकडे तिकडे बघतात. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड राहतो. चेहरा येण्यासाठी माणसाने...” ती थांबली.

“काय?” मी विचारलं.

“रोज वर बघायला हवं. एकाच जागेवरून, एकाच ठिकाणी. सहा वर्षं.”

तानूमावशी आमच्याकडे बघत होती. आम्ही तिघी बाळाच्या जागी होतो, भिंतीवर, पोपटासह, आणि ती हातातलं काम न थांबवता मान वर करून आमच्याकडे बघत होती. गालाची हाडं, रुंद कपाळ, नाकाच्या बाजूची सावली. डोळे म्हणजे दोन मऊ काळोख. ओठ मिटलेले, पण एका कोपऱ्यात जरा वर गेलेले. हसू क्षणभराचं असतं, ते टिकत नाही. हे टिकलं होतं, म्हणजे ते किती वेळा आलं असेल!

 खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं.

शेवंताने पडद्याला हात लावला, गालाला लावावा तसा. “हां,” ती म्हणाली. “हेच. हेच तोंड.” बराच वेळ ती तशीच होती. मग तिचा हात पडद्यावर फिरू लागला. दारापाशी, फळीखाली, आईच्या उजव्या अंगाला, डाव्या अंगाला.

“आनि मी कुठं हाय?”

ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं. सांगावं मलाच लागलं.

“तू नाहीस, शेवंते. जे एका जागी बसलं तेवढंच यात उरतं. तू कधी बसलीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. पण तिचे खांदे हलायला लागले ते हसण्याने. “आई म्हनायचीच,” तिने डोळे पुसले, “भवानी, जरा बूड टेक म्हनायची. माझ्याजवळ बस म्हनायची. आलो आलो म्हनून मी पळायचो.” मग हसता हसता ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

मुंबईच्या कलादालनातल्या बाईंनी फोनवर विचारलं, “म्हणजे एक चौकोन कोरा?” “कोरा नाही,” मी म्हटलं, “तीट आहे.” उरलेली दहा कात्रणंही मी काढून टाकली. आता तेवीस बाळं, त्यांतल्या दहांना तीट, आणि एक पांढरा कागद. खाली नावांची पाटी आहे. गल्लीतल्या ज्या ज्या बायकांची नावं शेवंताला आणि मला आठवली ती सगळी, आणि शेवटी माझं. तेवीसांपैकी कोणाच्या घरच्या माणसांना वाचून हवं असेल तर या, असंही लिहिलंय. हिवाळ्यात सुरू झालेलं प्रदर्शन अजून चालू आहे आणि दोघे येऊन गेले. आता एकवीस पोपट उरले आहेत.

शेवंता प्रदर्शनाला आली ती पहिल्याच दिवशी. दालनात शिरली, इकडे तिकडे बघितलं, रखवालदाराकडून एक स्टूल मागून घेतलं आणि चित्रासमोर, बरोबर मधोमध, मांडून बसली. अकरा वाजले. बारा वाजले. माणसं येत होती, वळसा घालून जात होती. एक वाजता मी तिच्यापाशी गेले.

“चल, जेवून घेऊ.”

“तू जा.”

“काय झालं? गुडघा दुखतोय?”

“न्हाई.” तिने मान वळवली नाही, डोळे हलवले नाहीत. ती समोरच्या पोपटांकडे बघत होती, ज्यांच्यात अजून रंग होता. “बसू दे मला. अजून साठ वर्सांनी कुनी वाचलं तर म्हनाया नको, ही कधी बसलीच न्हाई.”

कलादालनातला उजेड मंद असतो. ईश्वरी असती तर म्हणाली असती, या उजेडात दिसायचं तर निदान दोन-तीन वर्षं बसावं लागेल. मी ते शेवंताला सांगितलं नाही. आणखी एक स्टूल मागून घेतलं, तिच्या डाव्या अंगाला ठेवलं, आणि बसले. मग आम्ही दोघी हललो नाही.